शॉकअप बदलावा की नुसती स्प्रिंग? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

पावसाळा सरला की गोव्यातील गॅरेजांमध्ये शॉकअपच्या तक्रारी वाढतात आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांतही त्यांचाच भरणा असतो. या वेळी घेतलेली चारही पत्रे त्याच विषयावरची आहेत. त्यांपैकी एक मात्र थेट बर्फातून आले आहे.

प्रश्न : माझ्याकडे २०२१ सालची रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ आहे. कामानिमित्त चोर्ला घाटातून बेळगावला वरचेवर जावे लागते. बहुतेक वेळा पत्नी मागे बसलेली असते आणि दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या असतात. माझे वजन ९२ किलो आहे. घाटातील वळणांवर गाडी बाहेरच्या बाजूला जाऊ पाहते, आणि मोठ्या खड्ड्यात मागून ‘धाड्’ असा आवाज येतो. रात्री समोरून येणारे चालक डिपर मारतात, तो त्रास वेगळाच. वेगळी टाकी असलेला, सर्व प्रकारे कमी-जास्त करता येणारा महागडा शॉकअप बसवावा, असे मित्र सांगतात. एवढा खर्च करावा का?
— एक वाचक, वाळपई

उत्तर : आपण सांगितलेल्या तिन्ही तक्रारींचे मूळ बहुधा एकच आहे. गाडी मागून गरजेपेक्षा जास्त बसलेली असते. मागची बाजू खाली गेली की पुढच्या फोर्कचा कल वाढतो, त्यामुळे गाडी वळणात सहज वळत नाही आणि रेषा सोडून बाहेर सरकते. हेडलाइटचा झोत वर उचलला जातो, म्हणून समोरचा डिपर मारतो. आणि शॉकअपच्या चालीचा, म्हणजे तो जेवढे अंतर दबू शकतो त्याचा, मोठा भाग बसल्याबसल्याच संपलेला असल्यामुळे खड्ड्यात तो तळाला जाऊन आदळतो. महागडा शॉकअप घेतला आणि त्याची स्प्रिंग आपल्या भाराला साजेशी नसली, तर तोही असाच बसेल. म्हणून आधी मोजमाप करावे.

त्यासाठी मोजपट्टी आणि एक मदतनीस पुरेसा आहे. गाडी मेन स्टँडवर घेऊन मागचे चाक हवेत ठेवावे, आणि चाकाच्या आसापासून सरळ वर, मागच्या काउलवर, म्हणजे सीटखालच्या कवचावर, चिकटपट्टीने केलेल्या खुणेपर्यंतचे अंतर मोजावे. मग गाडी चाकांवर उभी करून, कोणी न बसता तेच अंतर घ्यावे. शेवटी आपण दोघे, रोजच्या हेल्मेट-जॅकेटसह आणि भरलेल्या पेट्यांसह बसून तिसऱ्यांदा मोजावे. पहिल्या आणि तिसऱ्या मापातील फरक म्हणजे भारासह बसण. आपल्या गाडीच्या मागच्या चाकाला १८० मिलिमीटर चाल आहे. अशा गाडीत भारासह बसण चालीच्या सुमारे ३० टक्के, म्हणजे ५४ ते ६० मिलिमीटरच्या आसपास असावी. आपल्या वर्णनावरून ती ८० च्या पुढे निघाली तरी मला नवल वाटणार नाही.

ही बसण कमी करण्यासाठी शॉकअपवरची प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंगला आधीच थोडे दाबून ठेवणारी, कडी घट्ट करावी. येथे पुष्कळ जणांची, आणि काही मेकॅनिकांचीही, गल्लत होते. प्रीलोड वाढवल्याने स्प्रिंग कडक होत नाही. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या तारेची जाडी, वेटोळ्यांचा व्यास आणि त्यांची संख्या यांवर ठरतो, आणि तो न्यूटन प्रति मिलिमीटर या मापात सांगतात. प्रीलोडने फक्त गाडी वर उचलली जाते. म्हणून दुसरे माप महत्त्वाचे ठरते. भारासह बसण ५५ वर आणण्यासाठी कडी एवढी आवळावी लागली की रिकामी गाडी स्वतःच्या वजनाने जेमतेम ४-५ मिलिमीटरच बसते, तर स्प्रिंग आपल्या भाराला मऊ आहे असे समजावे. उलट, भारासह बसण बरोबर असूनही रिकामी गाडी खूप बसत असेल, तर स्प्रिंग गरजेपेक्षा कडक आहे. पहिल्यांदा हे उलटेच वाटते, पण मऊ स्प्रिंगला फार आवळून ठेवावे लागते, म्हणून रिकामी गाडी तिला दाबू शकत नाही.

स्प्रिंग मऊ निघाली तर आधी तीच बदलावी. मूळ शॉकअपवर थोडी कडक स्प्रिंग चढवणे हा नव्या शॉकअपच्या मानाने फार स्वस्त उपाय आहे. मात्र त्यालाही मर्यादा आहे. दाबलेली स्प्रिंग जोराने उसळी घेते आणि त्या उसळीला शॉकअपमधील तेल आवर घालते. स्प्रिंग जितकी कडक, तितका हा आवर, म्हणजे रिबाउंड, अधिक लागतो. आणि आपल्या मूळ शॉकअपमध्ये तो कमी-जास्त करण्याची सोय नाही. थोडा फरक त्याला झेपेल. त्यापुढे जायचे असेल, तर मात्र रिबाउंड बदलता येणारा शॉकअप घेण्यात अर्थ आहे.

रिबाउंड तपासायला गोव्यात उत्तम सोय आहे, ती म्हणजे रंबलर. ओळीने असलेल्या पट्ट्यांवरून मध्यम वेगाने जावे आणि सीटखाली काय होते याकडे लक्ष द्यावे. प्रत्येक पट्टीगणिक सीट पाठीत ढुशी देत असेल, तर रिबाउंड कमी पडत आहे. तेल जुने झाले असले तरी असेच होते. याउलट पहिल्या दोन पट्ट्या मऊ लागल्या आणि शेवटच्या पट्ट्या दगडासारख्या लागल्या, तर रिबाउंड जास्त आहे. शॉकअपला पुन्हा वर यायला वेळच मिळत नाही आणि तो पट्टीगणिक खाली-खाली बसत जातो.

वेगळ्या टाकीविषयी माझे मत स्पष्ट आहे. शॉकअप सतत वेगाने आत-बाहेर होत राहिला की तेल तापते, पातळ होते आणि त्याची पकड सुटते. टाकीमुळे तेलाचे प्रमाण वाढते आणि नायट्रोजन वायू तेलापासून वेगळा राहतो, त्यामुळे हे उशिरा घडते. तासन्‌तास खडबडीत वाटेवरून भरधाव जाणाऱ्याला तिचा उपयोग आहे. घाट चढल्याने शॉकअप तापत नाही; चोर्ल्यातून कुटुंबासह जाणाऱ्याने केवळ टाकीसाठी पैसे मोजू नयेत.

एक काम मात्र सर्वांआधी करावे. आपल्या गाडीचा मागचा शॉकअप थेट चिमट्याला, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या स्विंगआर्मला नव्हे, तर लिंकेजला, म्हणजे मधल्या सांधेदार जोडणीला जोडलेला असतो आणि त्या लिंकेजच्या बेअरिंगांत पावसाळाभर चिखल आणि पाणी जाते. ती कोरडी पडून अडखळू लागली, तर वर कोणताही शॉकअप बसवा, गाडी कडकच लागेल. ती उघडून, स्वच्छ करून ग्रीस भरून घ्यावी. पुढे कोनसेट, म्हणजे हँडल ज्यांवर फिरते ती बेअरिंगे, ढिला असेल, तर ब्रेक दाबताना येणारी ‘टक्’ ही फोर्कची तक्रार समजून लोक भलताच खर्च करतात. तोही पाहून घ्यावा. फोर्कमधील तेल साधारण १५ ते २० हजार किलोमीटरला बदलावे.

शेवटी कायद्याचे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने मुळात ठरवलेल्या तपशिलांपासून वाहन वेगळे होईल असे बदल करता येत नाहीत. गाडीची उंची बदलणारे लांब शॉकअप टाळावेत, आणि कोणताही वेगळा शॉकअप बसवण्याआधी विमा कंपनीला लेखी विचारावे.

प्रश्न : मी म्हापशात मोटरसायकल पायलट आहे. दिवसभर वेगवेगळ्या वजनाची गिऱ्हाइके मागे बसतात. काहींबरोबर भरलेल्या पिशव्याही असतात. मागचे दोन्ही शॉकअप बसल्यासारखे वाटतात. अधिक जाड स्प्रिंगचे शॉकअप घालावेत का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : घालू नयेत. सर्वांत जड गिऱ्हाइकाच्या मापाने स्प्रिंग घेतली, तर भाडे सोडून एकटे परतताना मागचे चाक खड्ड्यांवरून उड्या मारील. आणि जे चाक रस्त्यावर टेकत नाही, त्याचा ब्रेकही लागत नाही. आपल्या धंद्यात गाडी दिवसाचा बराच वेळ रिकामी धावते, हे विसरून चालणार नाही.

बहुतेक १०० ते १५० सीसी गाड्यांच्या मागच्या शॉकअपला खालच्या बाजूला खाचांची कडी असते. गाडीबरोबर आलेल्या हुक-पान्याने ती फिरवता येते. ती मधल्या किंवा त्याच्या पुढच्या खाचेवर ठेवावी. दोन्ही बाजूंची खाच एकच असली पाहिजे. एका बाजूला दुसरी आणि दुसऱ्या बाजूला चौथी अशी ठेवलेली गाडी मी अनेकदा पाहिली आहे, आणि तिचा मालक चिमटा वाकल्याची तक्रार करीत असतो. मग सीट जोराने दाबून सोडावी. गाडी एकदा वर येऊन स्थिर झाली तर शॉकअप ठीक आहे. ती दोन-तीनदा झुलत राहिली, किंवा दांड्यावर तेलाचा ओला, धूळ चिकटलेला थर दिसला, तर जोडीच्या जोडी बदलावी. नवी जोडी कंपनीच्या मापाचीच घ्यावी. वरच्या-खालच्या रबरी बुश त्याच वेळी बदलाव्यात, कारण त्या झिजल्या असल्या की नव्या शॉकअपचाही खडखडाट होतो.

प्रश्न : मी मूळचा डिचोलीचा आहे. नोकरीनिमित्त सध्या कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, रेव्हेलस्टोक येथे असतो. यंदा १६५ इंची ट्रॅक, म्हणजे फिरता पट्टा, असलेली बर्फावर चालणारी जुनी माउंटन स्नोमोबाइल घेतली. तिचे शॉकअप हवेचे आहेत. चढावर तिच्या स्की फार उचलल्या जातात आणि दिशा देता येत नाही; डोंगरावर पोहोचण्याआधीच्या खाचखळग्यांच्या वाटेवर ती पुढून तळाला आदळते. येथील विक्रेता चारही शॉकअप बदलायला सांगतो आहे.
— एक वाचक

उत्तर : गोव्यातील सदराला असा प्रश्न क्वचितच येतो, पण हिशोब वाळपईच्या वाचकाचाच आहे. आधी भार आणि बसण, मग तेल, आणि नवी खरेदी सर्वांत शेवटी.

स्की उचलल्या जाण्याचा शॉकअपच्या दर्जाशी फारसा संबंध नाही. थ्रॉटल दिला की वजन मागे सरकते. ट्रॅकच्या आतील सांगाड्याच्या पुढच्या बाजूला एक पट्टा असतो, त्याला लिमिटर स्ट्रॅप म्हणतात. हा पट्टा आखूड केला की सांगाड्याची पुढची बाजू वर धरली जाते, स्कींवरचा भार वाढतो आणि चढावर त्या खाली राहतात. एका वेळी एकच छिद्र आखूड करावे आणि चालवून पाहावे. फार आखूड केल्यास खोल, भुसभुशीत बर्फात स्की वर यायला तयार होत नाहीत, आणि स्टिअरिंग जड होते. सांगाड्यातील मधल्या शॉकअपची स्प्रिंग किंवा हवा थोडी कमी केली तरी स्कींवरचा भार वाढतो. मागचा शॉकअप आपल्या वजनाला मऊ पडून गाडीचे शेपूट बसत असेल, तर मात्र या दोन्ही उपायांचा पुरता गुण येणार नाही. म्हणून मागची बसण आधी नीट करून मगच पट्ट्याला हात लावावा.

पुढून आदळण्याचे कारण बहुधा हवेतच सापडेल. उबदार गॅरेजमध्ये २० अंश सेल्सिअसला शॉकअपमध्ये ७० पीएसआय हवा भरली आणि गाडी उणे २० अंशांत नेली, तर गेजवर तो दाब सुमारे ५८ पीएसआय भरतो. हवा कुठे गळत नाही; थंडीने तिचा दाब उतरतो. म्हणून गाडी काही वेळ बाहेर थंड होऊ द्यावी, पुढची बाजू उचलून शॉकअप पूर्ण लांब सुटू द्यावेत, आणि शॉकअपसाठीच्या छोट्या हातपंपाने तेथेच दाब तपासावा. टायरचा पंप वापरू नये. शॉकअपमध्ये हवेचे प्रमाण इतके थोडे असते की पेट्रोल पंपावरची हवा क्षणात मर्यादेपलीकडे जाते.

एवढे करूनही आदळणे राहिले, तर शॉकअप सर्व्हिसला द्यावेत. जुन्या गाडीत ते कधी उघडले होते, हे विक्रेत्याला बहुधा सांगता येणार नाही. सील आणि तेल बदललेला जुना शॉकअप आपल्याला नव्याइतकेच समाधान देण्याची शक्यता मोठी आहे. त्यानंतरही खर्च करायचा असेल, तर चारही एकदम न घेता पुढची जोडी आधी घ्यावी, कारण वाटेवरचे खळगे तिलाच सोसावे लागतात. खोल बर्फात बर्फच बराचसा धक्का गिळतो. रोजच्या फेरीनंतर दांड्यांवरचा बर्फ झाडून टाकावा. तो गोठून राहिला, तर दुसऱ्या दिवशी पहिल्याच धक्क्याला सील फाटते.

प्रश्न : माझ्या मोटरसायकलच्या पुढच्या फोर्कमधून तेल गळते. घर किनाऱ्याजवळ आहे. मेकॅनिक नवे सील घालतो आणि काही महिन्यांत पुन्हा गळती सुरू होते. मागचा गॅस-शॉकअपही उघडून त्यात तेल भरून देतो, असे तो म्हणतो.
— एक वाचक, काणकोण

उत्तर : फोर्कच्या चकचकीत नळीवरून, सील जेथे घासते त्या भागात, नखाची कड वर-खाली फिरवून पाहावी. खाऱ्या हवेने क्रोमला बारीक खड्डे पडतात. नख कुठे अडखळले, तर तोच खड्डा प्रत्येक नव्या सीलची कड कापतो आहे असे समजावे. अशा वेळी सीलवर पैसे घालवण्यापेक्षा नळी बदलावी किंवा तिच्यावर पुन्हा क्रोम चढवून घ्यावा. नळी गुळगुळीत असेल, तर डस्ट सील, म्हणजे धूळ अडवणारे बाहेरचे सील, खाली सरकवून पातळ प्लॅस्टिकच्या पट्टीने मुख्य सीलच्या कडेखालची माती काढून पाहावी. कित्येकदा गळती तेवढ्यानेच थांबते. तोवर तेल पुढच्या डिस्कवर किंवा ब्रेक पॅडवर उतरत नाही ना, हे रोज पाहावे. पॅडला तेल लागले असेल तर ते पुसून वापरू नयेत, बदलावेत.

मागचा गॅस-शॉकअप मात्र रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये उघडू देऊ नये. त्यात नायट्रोजन दाबाखाली भरलेला असतो, आणि कवच कापताना किंवा भोक पाडताना आतील भाग बंदुकीच्या गोळीसारखा बाहेर येऊ शकतो. ज्या शॉकअपला वायू भरण्याचा व्हॉल्व्ह आहे, तो नायट्रोजन भरण्याची सोय असलेल्या ठिकाणीच द्यावा. ज्याला व्हॉल्व्ह नाही, तो खराब झाल्यावर बदलावा.