पेटीवाल्याला रॉक का भावला?

प्रश्न : सर नमस्कार, मी फोंड्याजवळच्या गावात भजनाला पेटी वाजवतो, रॉकबिक आपला प्रांत नव्हे. पण चतुर्थीला भाचा आला होता त्याने फोनवर रिक वेकमन या इंग्रज कीबोर्डवाल्याचा एक जुना अल्बम लावला, आठव्या हेन्री राजाच्या सहा राण्यांवरचा. गाणं असं नाहीच, पियानो, ऑर्गन, ड्रम, गिटार. मी आधी म्हटलं बंद कर, आणि रात्री जेवण झाल्यावर मीच म्हटलं परत लाव बघू. जुन्या काळचं दरबारी वातावरण आणि रॉक एकमेकांत एवढं कसं मिसळतं? आणि असल्या जुन्या युरोपियन धुना ऐकल्या की मला सारखा काफी राग आठवतो, कान बिघडले की काय?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : कान अगदी शाबूत आहेत तुमचे, उलट भाच्यापेक्षा तुम्हीच नीट ऐकलंत.

अल्बम जानेवारी १९७३ चा. वेकमन तेव्हा 'येस' या इंग्रज रॉक बँडमध्ये कीबोर्डवर होता, बँडातले बाकीचेही यात वाजवून गेलेत. आता हे 'मध्ययुगीन' म्हणून खपतं खरं पण हेन्रीची कारकीर्द १५०९ ते १५४७, म्हणजे तो गादीवर बसला त्याच्या पुढच्याच वर्षी पोर्तुगीजांच्या आल्बुकेर्कने गोवा घेतला, इतिहासवाले याला मध्ययुग म्हणायला जरा कुरकुरतील. आणि पियानो? तो क्रिस्तोफोरी नावाच्या इटालियन कारागिराने फ्लॉरेन्सला साधारण १७०० च्या सुमाराला बनवला, सहापैकी एकाही राणीने तो बघितलेला नाही. त्याहून मजा दुसरी राणी अॅन बोलीन हिच्या तुकड्यात, तिचा शिरच्छेद १५३६ चा आणि शेवटी जी चर्चमधली प्रार्थना येते तिची चाल १८७४ ची! पण आपण कोणत्या तोंडाने हसायचं, जत्रेतल्या नाटकात आपली सुभद्रा ऑर्गनच्या साथीवर पद म्हणते तेव्हा द्वारकेत ऑर्गन कुठून आला असं आजवर कुणी विचारलंय का.

तर मिसळतं कसं. पेटी समोर घ्या. काळी एकचा सा धरा, बरोबर प दाबा, भाता सावकाश मारा. आता मधे शुद्ध ग घाला. गोड झालं ना, घरगुती झालं. ग काढा, परत ओसाड, आरती संपून माणसं गेल्यावरच्या सभामंडपासारखं. हाच तो 'जुना' आवाज. युरोपात मठातले साधू एकाच चालीच्या खाली किंवा वर चौथा-पाचवा सूर धरून तीच चाल समांतर गायचे, त्याला ऑर्गनम म्हणतात, ९व्या शतकातल्या ग्रंथांत ते लिहून ठेवलंय. गंधाराला त्या काळी पूर्ण मान नव्हता, विसावायचं ते सा-प किंवा सा-म वर.

आणि रॉक गिटारवाला पॉवर कॉर्ड म्हणून जे मारतो ते काय असतं? सा आणि प, बस. ग नाहीच. त्याची गरज वेगळी आहे, डिस्टॉर्शन चढवलं, म्हणजे आवाज मुद्दाम फाडला, की प्रत्येक सूर आपली पिलावळ, म्हणजे त्याच्यातूनच निघणारे वरचे बारीक सूर, बरोबर घेऊन येतो, मधे ग घातला की नुसता कलकलाट, सा-प ठेवले की पिलावळ आपसात जुळते आणि आवाज भिंतीसारखा उभा राहतो. म्हणजे साधू आणि गिटारवाला हजार वर्षांच्या अंतराने एकाच जागी येऊन बसले. तुम्ही तर आधीपासूनच तिथे बसलाय, तुमच्या बुवांचा तानपुरा प सा सा सा च लागतो ना! म्हणून परकं वाटलं नाही तुम्हाला.

काफीचं म्हणाल तर जुन्या युरोपियन चालींत डोरियन नावाचा मोड, म्हणजे सुरांचा साचा, भरपूर सापडतो, त्यात ग नि कोमल आणि ध शुद्ध, हा काफी थाटच झाला की, थाट म्हणजे आपल्याकडचा तसाच साचा. त्यांच्या नेहमीच्या मायनर नावाच्या साच्यात धैवतही कोमल, आपली आसावरी. तो एक शुद्ध ध आला की चाल 'जुनी' वाटायला लागते. पण थाट जुळला म्हणून राग जुळला असं मात्र समजू नका, तिथे पकड (रागाची ओळख पटवणारी सुरावट) नाही, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नाही.

ऐकायला सुरुवात तिसरी राणी जेन सेमूर हिच्या तुकड्यापासून करा, त्यातला पाईप ऑर्गन लंडनच्या सेंट जाइल्स क्रिपलगेट चर्चमधला खराखुरा आहे. फोनच्या स्पीकरवर नको हो, खालचे सूर गायबच होतात, भाच्याचा हेडफोन मागून घ्या. सगळे तुकडे सारखे जमलेत असं मला वाटत नाही, काही ठिकाणी बोटांची कसरत जास्त आणि राणी कमी.

प्रश्न : माझा मुलगा आणि त्याचे मित्र असंच काहीतरी इलेक्ट्रिक गिटार, कीबोर्ड आणि घुमट (आपलं कातडं ताणलेलं मातीचं वाद्य) घेऊन बसवतायत, घुमट ऐकूच येत नाही. काय करावं?
– एक आई, मडगाव

उत्तर : बाय, गिटारचा आवाज कमी करा हे पहिलं, मुलं ऐकणार नाहीत हे मला माहीत आहे. दुसरं, माईक फक्त कातड्याकडे लावला असेल. घुमटाचं मागचं तोंड उघडं असतं, वाजवणारा त्यावर डावा हात झाकतो-उघडतो आणि तिथूनच तो 'घुम्म' निघतो, तेव्हा एक माईक तिकडेही द्या, हाताला अडणार नाही एवढ्या अंतरावर. कातडं बकऱ्याचंच ना? घोरपडीचं असेल तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अडकाल, २०१९ मध्ये सरकारने घुमटाला वारसा वाद्य केलं म्हणून घोरपडीला सूट मिळालेली नाही. पावसात कातडं सैल पडतं, प्रॅक्टिसच्या आधी थोडं उबेला धरा, अगदी चुलीवर नको, आमच्या शेजाऱ्याच्या पोराने गॅसवर धरलं होतं आणि ऐन आरतीच्या वेळी त्याला पितळी परात बडवायला लागली.