लाट डावीकडूनच उठू द्या

प्रश्न : यजमानांच्या षष्ट्यब्दीला त्यांना इनॅमल डायलचं घड्याळ करून द्यायचं आहे. नोकरीनिमित्त ते काही वर्षं योकोहामाला होते, म्हणून होकुसाई या जपानी चित्रकाराची ती प्रसिद्ध लाट निवडली. कारागिराच्या नमुन्यात लाट उजवीकडून येते, होड्या गाळल्यात आणि मागच्या झाकणावर ‘त्सुनामी’ कोरायचं म्हणतात. एवढ्याशा डायलवर कोण बघतंय, असं त्यांचं म्हणणं. होकार देऊ का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नका देऊ, ताई. नमुना परत पाठवा.

मी स्वतः लाकडी ठशांची छापचित्रं करते. उलटी लाट असते ती कोरलेल्या ठोकळ्यावर; कागदावर ती सुलट उमटते. साधारण १८३१च्या या चित्रात लाट डावीकडे उसळून उजवीकडे कोसळते. पारंपरिक जपानी लिखाण उजवीकडून डावीकडे वाचतात, म्हणून तिथली नजरही तशीच सरकते आणि होड्याही त्याच दिशेने निघाल्यात, म्हणजे बघणारा त्यांच्याबरोबर थेट लाटेच्या तोंडाशी जातो. चित्र फिरवलं की ही टक्करच संपली.

आणि होड्या गाळायच्या? एदोच्या, म्हणजे जुन्या टोकियोच्या बाजारात ताजी मासळी पोचवणाऱ्या वल्ह्यांच्या वेगवान होड्या त्या. तीन आहेत. माणसं जीव मुठीत धरून वल्ह्यांवर ओणवी झालीत. ती काढली, तर लाट केवढी आहे हे कशावरून कळणार? लांबचा फुजी पर्वत तर त्या लाटेखाली टेकडीएवढा दिसतो.

‘त्सुनामी’ मुळीच नको. चित्राच्या नावात फक्त कानागावासमोरच्या समुद्रातली लाट आहे, आणि ते कानागावा आजच्या योकोहामातच येतं. २०११ साली जपानने काय सोसलं हे यजमानांना ठाऊक असणार. वाढदिवसाच्या भेटीवर तो शब्द कशाला?

त्याऐवजी तिथे होकुसाईची सही घ्या. चित्रात वर डावीकडे, शीर्षकाच्या चौकटीशेजारी ती आहे आणि तिच्यात ‘इइत्सु’ हे नाव येतं. साठ वर्षांचं चक्र पुरं झाल्यावर, १८२०च्या सुमारास, त्याने ते धारण केलं. षष्ट्यब्दीला याहून चांगलं मला तरी सुचत नाही. फक्त अक्षरं अंदाजाने नकोत. एखाद्या संग्रहालयातल्या छापाचा स्पष्ट फोटो कारागिरासमोर ठेवा.

गोलासाठी कडा कापाव्या लागतील, तेवढी मोकळीक त्यांना द्या. मूळ चित्र आडवं आहे, सुमारे २६ बाय ३८ सेंटिमीटर. जेगर-लकूल्त्र या घड्याळ कंपनीने आपल्या रिव्हर्सो या उभ्या चौकोनी घड्याळाच्या पाठीवर होकुसाईचा किरिफुरी धबधबा घेतला, तो मुळात उभा, म्हणून तिथे नीट बसला. तुमच्या डायलवर उजवीकडचं आकाश गेलं तर चालेल. सहाच्या जागी सेकंदाची छोटी तबकडी मात्र नको, कारण खाली पुढ्यात फुजीच्याच आकाराची छोटी लाट आहे. तारखेची खिडकीही टाळा. काटे बारीक घ्या.

निळ्या रंगाचा तुकडा आधी भाजून मागवा. भट्टीत इनॅमलचा रंग बदलतो, आणि या चित्राचा अर्धा जीव त्या गडद निळ्यात आहे.