एवढं कमी खाऊनही काटा हलत नाही, अजून कमी करू का?

मी आहारतज्ज्ञ. वजनासाठी माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणी ‘काय खाऊ’ हे विचारायला येत नाहीत, ‘अजून काय सोडू’ हे विचारायला येतात. वैशालीताई त्यातल्याच. हे त्यांचं खरं नाव नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशीलही मी बदललेत.

वय ३६, राहायला नाशिकच्या सिडकोत, तिथल्याच अंबडच्या एका कारखान्यात अकाउंट्स बघतात. घरी नवरा, दोन मुलं, सासूबाई. जानेवारीत ऑफिसात ‘वेट लॉस चॅलेंज’ निघालं आणि ग्रुपवर कुणीतरी तक्ता टाकला. सकाळी जिऱ्याचं पाणी आणि एक सफरचंद, दुपारी एक फुलका, वाटीभर भाजी, काकडी-टोमॅटो, चारला ग्रीन टी, रात्री दुधीचं सूप आणि एक उकडलेलं अंडं. तेव्हा वजन होतं ७८ किलो. तीन आठवड्यांत ७४ झालं, ग्रुपवर टाळ्यांचे इमोजी पडले. मग काटा जो रुसला तो रुसलाच. मार्चअखेरीस सासूबाईंना घेऊन माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, “मॅडम, मी दिवसाला सातशे कॅलरींच्या वर जातच नाही. दीड महिना झाला, एक ग्रॅम हलत नाही. आता पाचशेवर येऊ का?”

पुरावा म्हणून वही आणली होती. अकाउंट्सवाल्या बाईची वही, तेव्हा समास आखलेला, प्रत्येक पानाखाली बेरीज, बेरजेखाली दुहेरी रेघ. ६८०, ७१०, ६६५. फुलक्याचे ग्रॅमसुद्धा लिहिलेले. चार-पाच पानं उलटल्यावर लक्षात आलं की रात्री नऊनंतर एकाही दिवशी काहीच नोंद नाही, आणि शनिवार-रविवारची पानं मोकळी आहेत.

“नऊ ते झोपेपर्यंत काय चालू असतं?” मी विचारलं. सासूबाई छताकडे बघायला लागल्या. मी त्यांना म्हटलं, “आई, दहा मिनिटं बाहेर बसता का?” सासू, आई, नवरा, कुणीही शेजारी असलं की खाण्याबद्दल खरं बोलणं होत नाही. आणलेल्या माणसाचा हेतू कितीही चांगला असो, पहिल्या भेटीतली काही मिनिटं मी एकटीशी बोलतेच.

मग निघालं ते असं. मुलांची ताटं आवरताना उरलेला वरणभात तोंडात जातो. भांडी झाली की ओट्याशी उभ्या उभ्या चिवड्याच्या डब्यात हात जातो. नंतर पोळीच्या डब्यातली शेवटची पोळी, तूप-गूळ लावून गुंडाळलेली. ताट वाढून घेतलेलं नाही, बसून खाल्लेलं नाही, म्हणून ते जेवण नाही आणि वहीतही नाही. खाऊन झालं की रडू येतं, आणि सकाळी प्रायश्चित्त म्हणून फक्त जिऱ्याचं पाणी. शनिवारी-रविवारी माणसं, पाहुणे, मिसळ, ‘आज जाऊ दे, सोमवारपासून’.

माझ्याकडे एक छोटा वजनकाटा आणि चिवड्याचा डबा असतो. म्हटलं, रात्री घेता तशा मुठी भरा. तीन मुठींचे ७० ग्रॅम भरले. तळलेल्या पोह्यांचा चिवडा, म्हणजे सव्वातीनशे कॅलरीच्या आसपास. तूप-गुळाची पोळी दोनशेच्या घरात, वरणभाताचे घास शंभर-दीडशे. वहीतल्या सातशेवर रात्रीचे आणखी सातशे. शनिवार-रविवार धरून आठवड्याची सरासरी काढायला त्यांनाच सांगितलं. त्यांनी पेन घेतलं, दोन मिनिटं आकडे मांडले आणि पेन खाली ठेवलं. साडेसोळाशेच्या वर जात होतं.

दिवसभर बसून काम करणाऱ्या, ५५ किलो वजनाच्या बाईला रोज सुमारे १६६० कॅलरी लागतात, असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशी सांगतात. वैशालीताईंचं वजन ७४, म्हणजे त्यांना त्याहून थोड्या जास्त. पण तीन महिन्यांत त्या इतक्या गळून गेल्या होत्या की घरी आल्यावर सोफ्यावरून उठत नव्हत्या, लिफ्टशिवाय वर जात नव्हत्या. खर्चही घटला होता. जमा आणि खर्च जुळत होते, मग काटा हलणार कसा?

इथे एक गैरसमज बाजूला करायला हवा, कारण तो हल्ली रील्समधून फार पसरलाय. ‘कमी खाल्लं की शरीर उपासमारीच्या मोडमध्ये जातं आणि वजन उलट वाढतं.’ तसं होत नाही. शरीर खर्च थोडा आखडता घेतं हे खरं, पण हवेतून चरबी तयार करत नाही. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने रोज साधारण १५७० कॅलरींवर ठेवलं होतं. त्यांचं वजन जवळजवळ पाव हिश्श्याने उतरलं. पण त्या मुलांचं डोकं जेवणाशिवाय दुसऱ्या कशात लागेना. पाककृतींची पुस्तकं वाचायची, ताट चाटायचं, चिडचिड करायची, उदास बसायचं. बंधन सुटल्यावर कितीही खाल्लं तरी पोट भरल्यासारखं वाटेना. मी हे सांगत होते तेव्हा वैशालीताई हळूच म्हणाल्या, “माझा मोबाइल पण सगळा रेसिप्यांनी भरलाय. बघत बसते रात्री, करत काहीच नाही.”

रात्रीचा चिवडा हा मनाच्या कमकुवतपणाचा भाग नाही, हे त्यांना पटवायला सगळ्यात जास्त वेळ गेला. दिवसभर सातशेवर ठेवलेलं शरीर नऊ वाजता वसुलीला येणारच. त्याला पाचशेवर नेलं तर वसुली दुप्पट होईल. रोज उलटी काढणं, जुलाबाच्या गोळ्या घेणं, खाल्ल्यावर स्वतःला शिक्षा म्हणून तासन्‌तास व्यायाम, असलं काही आहे का तेही विचारलं. नव्हतं. असतं तर आहाराचा तक्ता बाजूला ठेवून मी आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं.

पण शरीराने इतर तक्रारी नोंदवल्या होत्या. केस मुठीने गळत होते, जिन्यात डोळ्यांपुढे अंधारी येत होती, मार्चमध्येही ऑफिसात शाल लागत होती, दोन महिने पाळी नव्हती. पाळी चुकल्याचं त्यांनी जवळजवळ जाता जाता सांगितलं, “टेन्शनमुळे असेल” म्हणून. मी त्या दिवशी तक्ता दिलाच नाही. फॅमिली डॉक्टरांकडे पाठवलं. पाळी चुकली की आधी गरोदरपणाची तपासणी, मग थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, बी-१२. आहारावर खापर फोडण्याआधी हे व्हायलाच हवं. गरोदरपण नव्हतं, थायरॉइड ठीक होतं, हिमोग्लोबिन मात्र ९.६. बायकांमध्ये ते १२ च्या वर हवं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. मी एवढंच जोडलं की गोळीच्या आणि जेवणाच्या आगेमागे तासभर चहा नको, आणि पालेभाजीवर लिंबू पिळा.

आकडे हवे असतील त्यांच्यासाठी सांगते. रोज ८०० कॅलरींच्या खालचा आहार हा डॉक्टरांच्या देखरेखीखालचा उपचार आहे. तो ग्रुपवरच्या तक्त्यावरून करायचा नसतो. वजन झपाट्याने उतरलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, स्नायू झिजतात, केस दोन-तीन महिन्यांनी गळायला लागतात. सर्वसाधारण बाईने स्वतःच्या मनाने १२०० च्या आणि पुरुषाने १५०० च्या खाली जाऊ नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर एवढंसुद्धा कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारायचं, नाहीतर साखर एकदम खाली येते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, वाढत्या वयाच्या मुलांनी या फंदात पडूच नये.

वैशालीताईंना मी १४५० चा आहार दिला. म्हणजे दुप्पट. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू फी परत मागणार. मी वहीतलं एक पान उलटं करून हिशोब मांडला. किलोभर चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. अंगात ताकद येऊन हालचाल पूर्ववत झाली की रोज चारशे-साडेचारशेची तूट, म्हणजे आठवड्याला ४०० ग्रॅमच्या आसपास. आठवड्याला अर्धा किलो ही चांगली चाल, एक किलो ही वरची हद्द. तीन आठवड्यांत उतरलेल्या चार किलोंत चरबी किती होती? शरीर यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा ठेवतं, त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. खाणं एकदम तोडलं की आधी हा साठा आणि त्याचं पाणी जातं. टाळ्या बऱ्याचशा पाण्याला पडल्या होत्या.

तक्त्यात नवं काही नव्हतं. सकाळी दोन मुगाची धिरडी किंवा मोड आलेली मटकी घालून पोहे. डब्यात दोन पोळ्या, भाजी, घट्ट वरण किंवा उसळ, ताक. साडेपाचला, कंपनी सुटायच्या आधी, मूठभर फुटाणे किंवा एक अंडं. रात्री एक भाकरी, पालेभाजी, पिठलं किंवा आमटी, आणि झोपण्याआधी वाटलं तर कपभर दूध. माझा जोर होता तो प्रथिनांवर. त्यांच्या वहीत दिवसाला जेमतेम २५ ग्रॅम प्रथिनं भरत होती, हवी होती ६० च्या वर. पोट भरलेलं राहतं ते यानेच, आणि वजन उतरताना स्नायू टिकायलाही हीच लागतात. किडनीचा त्रास असेल त्यांनी मात्र हा आकडा डॉक्टरांकडून घ्यावा. निफाडहून माहेरची द्राक्षाची पेटी आली होती आणि त्यांनी एक मणीही तोंडात टाकला नव्हता. शंभर ग्रॅम द्राक्षांत जेमतेम सत्तर कॅलरी. वाटीभर खा म्हटलं, नाशकात राहून मार्चमध्ये द्राक्षं सोडायची म्हणजे काय!

कॅलरी मोजणं मी पूर्ण बंद करायला लावलं. ज्यांना रोजचा आकडा छळतो, त्यांच्यासाठी ते बरं. त्याऐवजी तेलाचा डबा मोजायचा. घरात पाच माणसं, महिन्याला सहा लिटर तेल, म्हणजे माणशी रोज ४० मिली, सव्वातीनशेहून जास्त कॅलरी नुसत्या फोडणीच्या. चार लिटरवर आणलं तर माणशी शंभरेक कॅलरी कमी होतात, ताटातलं काहीही न काढता. फोडणीचा झारा सासूबाईंच्या हातात होता, म्हणून मी त्यांना परत आत बोलावलं. त्या आधी म्हणाल्या, “तवंगाशिवाय भाजी आमच्याकडे उतरत नाही.” पण नंतर डब्यावर मार्करने तारीख लिहायला लागल्या त्याच.

रविवारची मिसळ ठेवली. कॉलेज रोडला असो की गंगापूर रोडला, ती एक प्लेट, एक पाव, दही वेगळं घ्यायचं, जिलेबी चौघांत एक प्लेट. उपाशीपोटी जायचं नाही, घरून फळ खाऊन निघायचं. चालणं संध्याकाळी जवळच्या जॉगिंग ट्रॅकवर, सुरुवातीला वीस मिनिटंच, हिमोग्लोबिन वर येईपर्यंत पांडवलेणीच्या पायऱ्या बंद. वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी, शुक्रवारी. शनिवार-रविवारनंतर सोमवारी काट्यावर चढणं म्हणजे विनाकारण स्वतःला रडवणं.

दुसऱ्या शुक्रवारी सकाळी सात वाजता फोन. “मॅडम, नऊशे ग्रॅम वाढले!” याची कल्पना आधीच दिली होती, तरी आवाज रडवेला होता. साखरेचा साठा भरतो तेव्हा त्याचं पाणीही परत येतं, एवढंच ते होतं. याच टप्प्यावर बहुतेक जणी घाबरून पुन्हा सूपवर जातात. मी विचारलं, “रात्रीचा चिवडा?” थोडं थांबून त्या म्हणाल्या, “चार दिवस झाले, डबा उघडलाच नाही. लक्षातच आलं नव्हतं.” मग त्यांना कमरेचं माप टेपने घ्यायला लावलं. ते कमी झालं होतं. काट्यापेक्षा टेपवर विश्वास ठेवा, असं मी तसंही सगळ्यांना सांगते, कारण आपल्याकडच्या बायकांत कमरेचं माप ८० सेंटिमीटरच्या वर गेलं की मधुमेहाची आणि हृदयाची काळजी सुरू होते.

पाळी मे महिन्यात परत आली. केस गळायचे थांबायला पाऊस उजाडला. एका महिन्यात वजन अजिबात हललं नाही, घरी लग्न होतं. सप्टेंबरात ६७ किलो. ऑफिसातल्या चॅलेंजचा निकाल केव्हाच लागला होता. पहिल्या आलेल्या मैत्रिणीचं वजन त्यावेळेपर्यंत पुन्हा पहिल्या जागी गेलं होतं, असं वैशालीताईंनी सांगितलं. मैत्रीण आता त्यांच्याकडे तक्ता मागतेय. देऊ नका म्हटलं, तिची उंची, आजार, गोळ्या काहीच आपल्याला माहीत नाही.

नवरात्राआधी वैशालीताई आणि सासूबाई दोघी आल्या होत्या. नऊ दिवसांचे उपवास, घट बसतात त्यांच्याकडे, मोडता येणार नाहीत. वैशालीताईंसाठी ठरवलं ते साधंच. साबुदाणा एखाद्याच दिवशी, बाकी भगर आणि शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दही, दूध, फळं, आणि दिवसात तीन वेळा खायचंच, एकवेळेचा उपवास नाही. सासूबाई तोवर गप्प होत्या. वही मिटल्यावर म्हणाल्या, “आणि माझं? मी तर निर्जळी करते अष्टमीला.” त्यांना साखरेच्या दोन गोळ्या चालू आहेत. ते माझ्या हातातलं नव्हे. डॉक्टरांची वेळ त्यांच्यासमोरच फोन करून घेतली, आणि तोपर्यंत अष्टमीचं काहीही कबूल करू नका असं वैशालीताईंना बजावलं.