जुन्या टाटा ४०७ चा डॅशबोर्ड तडकलाय, दुरुस्त करावा की बदलावा?
नुसता तडा असेल तर बदलायच्या भानगडीत पडू नका. तड्याच्या टोकाला ३ मिमीचं भोक पाडा, म्हणजे तो पुढे सरकत नाही. मागची बाजू पॉलिशपेपरने घासून फायबरची मॅट आणि रेझिन (सुकून कडक होणारा चिकट द्रव) लावा, वरून रेक्झिन चढवा. झटपट गोंदाचा सांधा हादऱ्यांनी सुटतोच.

डॅशबोर्डला बोल्ट बसतात ते कानच तुटले असतील तर मात्र भंगारबाजारातून त्याच मॉडेलचा शोधा. मीटरची खाच तिथेच जुळवून बघा. काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून नाव लिहा. स्पीडोमीटरची केबल मागून सोडवल्याशिवाय मीटर ओढू नका. वर गणपती चिकटवलेला असेल तर हेअर ड्रायरने गरम करून हळूच सोडवा. हिसका दिलात की तिथे नवा तडा!