वाचकांचे प्रश्न : एफ-१ (अमेरिकेचा विद्यार्थी) व्हिसा आणि निवडणूक

प्रश्न : मी कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला एम.एस. करते. लॅब सुटते तेव्हा आमच्या भागातली शेवटची बस गेलेली असते. मतदान करता येत नाही हे ठाऊक आहे, पण तक्रार तरी मांडता येईल का? प्रचारात मदत केली तर?

उत्तर : तक्रार जरूर मांडा, पण योग्य सभेत. बसच्या वेळा सिटी कौन्सिल ठरवत नाही, त्या व्हीटीए या वाहतूक प्राधिकरणाच्या हातात आहेत. लोक नेमके इथेच फसतात. पथदिवे, झेब्रा क्रॉसिंग ही कामं मात्र शहराची.

कॅलिफोर्नियाच्या ब्राऊन कायद्यानुसार (स्थानिक संस्थांच्या सभा लोकांसाठी खुल्या ठेवणारा कायदा) नियमित सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी जाहीर होते. आपला विषय कितव्या क्रमांकावर आहे ते पाहून बोलण्यासाठी नाव द्या. नागरिकत्वाची अट नाही. विषय पत्रिकेवर नसेल तर ‘पब्लिक कमेंट’मध्ये बोला; मात्र त्यावर त्या दिवशी निर्णय होत नाही. मिळतात जेमतेम दोन-तीन मिनिटं, त्यामुळे विद्यार्थ्यांच्या हालअपेष्टांवर ती घालवू नका. रूट नंबर, थांबा, शेवटच्या बसची वेळ, लॅब सुटण्याची वेळ आणि नेमकी मागणी, एवढंच. हेच लेखीही पाठवा.

प्रचारात बिनपगारी मदत चालते : फोन करणं, पत्रकं वाटणं. पण पैसा कुठे लावायचा, कोणता मुद्दा लावून धरायचा, अशा निर्णयांत परदेशी नागरिकाने भाग घ्यायचा नसतो. मानधन घेतलंत तर ती विनापरवाना नोकरी ठरू शकते. देणगी तर एक डॉलरचीही नको. उमेदवाराच्या प्रचाराचा टी-शर्ट विकत घेणंही देणगीतच धरतात.

खरा धोका डीएमव्हीच्या, म्हणजे लायसन्स देणाऱ्या वाहन खात्याच्या, काउंटरवर आहे. लायसन्सचा अर्ज भरताना मतदार नोंदणीचा प्रश्न येतो आणि घाईत ‘हो’ दाबलं जातं. आपण अमेरिकन नागरिक असल्याचा खोटा दावा झाला तर पुढे ग्रीन कार्डही अडकू शकतं, आणि त्यातून सुटायला जवळपास वाट नसते. चूक यंत्रणेचीही असू शकते : २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात डीएमव्हीकडून सुमारे १,५०० अपात्र लोकांची नोंदणी झाली होती, त्यांत परदेशी नागरिकही होते. मतदार म्हणून पत्र आलंच तर मत देऊ नका, आधी इमिग्रेशन वकील गाठा, मग काउंटीकडून (जिल्हा प्रशासनाकडून) लेखी नाव कमी करून घ्या आणि प्रत जपून ठेवा. कॅम्पसवर क्लिपबोर्ड घेऊन सह्या मागणाऱ्यांनाही नम्रपणे नकार द्या. त्या सह्या बहुधा नोंदणीकृत मतदारांच्याच लागतात.

प्रश्न : मुलाला अमेरिकेत कोर्टाकडून ज्यूरीचं बोलावणं आलंय. जायचं का?

उत्तर : ज्यूरीत नागरिकच बसतात. यादीत लायसन्सधारकांचीही नावं असल्याने असं पत्र येतं. फेकून देऊ नका. ‘नागरिक नाही’ यावर खूण करून मुदतीत परत पाठवा.

प्रश्न : मुलगी लंडनला शिकते. तिलाही हेच नियम का?

उत्तर : अजिबात नाही. ब्रिटनमध्ये वैध व्हिसावर राहणाऱ्या १८ वर्षांवरील भारतीयांना, राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून, थेट संसदेच्या निवडणुकीतही मत देता येतं. नोंदणी ऑनलाइन होते. केंद्रावर ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो. कित्येक जण हे माहीत नसल्यामुळे घरीच बसतात.