घड्याळात ऑक्सिजन ८४!

प्रश्न : वडील गावी एकटे असतात. त्यांच्या स्मार्टवॉचचा आकडा माझ्या फोनवर येतो. पहाटे कधीकधी रक्तातला ऑक्सिजन ८४ टक्के दिसतो. घाबरायचं का?

उत्तर : आधी त्यांना फोन करा. दम लागत असेल किंवा बोलणं तुटक वाटलं, तर आकड्याची शहानिशा करत बसू नका, १०८ लावा. ते ठीक असतील तर पट्टा बघायला सांगा. उतारवयात मनगट बारीक होतं, घड्याळ हाडावर घसरतं, ऑक्सिजन मोजणारा मागचा दिवा कातडीपासून सुटतो आणि आकडा कोसळतो. हाडापासून एक बोट वर, घट्टसर बांधावं. गार हातानेही असंच होतं.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरात हवाच. हात चोळून गरम करून, ५ मिनिटं बसून, आकडा मिनिटभर स्थिरावू द्यावा. तिथेही ९४ च्या खाली असेल तर त्याच दिवशी डॉक्टर; ९० किंवा कमी असेल तर थेट रुग्णालय. दम्याचे किंवा फुप्फुसाचे जुने रुग्ण असतील तर त्यांची मर्यादा डॉक्टरांकडून लिहून घ्या. वडील घोरतात का, तेही डॉक्टरांना सांगा; झोपेत श्वास अडखळूनही पहाटे आकडा खाली येऊ शकतो.