सेवदालिंका, सौदा आणि काळीज

प्रश्न आला आहे तो असा: ‘सेवदालिंका हे बोस्नियातील शोकगीत असून तो बाल्कन देशांचा सामायिक वारसा आहे’ या वाक्यात ‘सामायिक’ बरोबर की ‘सामाईक’?

‘सामाईक’. सामाईक भिंत, सामाईक विहीर, तसाच सामाईक वारसा. ‘सामायिक’ म्हणजे जैनांचे 48 मिनिटे समभावात बसण्याचे व्रत. दोन्ही शब्द आपापल्या जागी राहू द्यावेत.

या वाक्यात मला खरे खटकते ते ‘शोकगीत’. डिसेंबर 2024 मध्ये युनेस्कोने सेवदालिंकेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले, तेव्हापासून जिथे तिथे हेच ‘शोकगीत’ भेटते आहे. शोकगीत मेलेल्या माणसासाठी असते. सेवदालिंका म्हणजे प्रेमाचे गाणे. तिच्यात असते खिडकीतली मुलगी, नाही म्हणणारी आई आणि बाग. त्या बागेला बोस्नियात ‘बाश्चा’ म्हणतात, म्हणजे आपला फारसीतून आलेला ‘बगीचा’च. तिथे साथीला जुने वाद्य ‘साझ’, आणि आपल्याकडे साज व साजिंदे.

आता मूळ शब्द. अरबीत ‘सौदा’ म्हणजे काळी. पूर्ण नाव ‘काळे पित्त’, जुन्या वैद्यकातल्या चार दोषांपैकी एक. ते वाढले की माणूस उदास होतो, झुरतो, वेडा होतो. ग्रीकांच्या ‘मेलान्खोलिया’चे हे शब्दशः भाषांतर. तुर्कीत ‘सेवदा’ झाला तेव्हा रोग मागे पडला आणि प्रेम उरले. बोस्नियनांनी शेवटी ‘ह’ जोडून ‘सेवदाह’ केला आणि त्यावरून सेवदालिंका. बल्गेरियनमध्ये ‘सेवदा’, ग्रीकमध्ये ‘सेवदास’, अल्बेनियनमध्येही ‘सेवदा’. एकेका गाण्याच्या चालीवर पाच देश हक्क सांगतात, पण या एका शब्दाची वाटणी कोणी मागत नाही. वारसा सामाईक असल्याचा याहून मोठा पुरावा मला ठाऊक नाही. तुर्क तर ‘कारा सेवदा’ही म्हणतात, म्हणजे काळी काळी. आपल्या पिवळ्या पीतांबरासारखे.

उर्दूतला ‘सौदाई’, म्हणजे प्रेमवेडा, याच घरचा. मिर्झा रफी ‘सौदा’ या कवीचे टोपणनाव काही जण बापाच्या व्यापारावरून आले असे सांगतात. मला ते अर्धेच पटते. व्यापाराचा फारसी ‘सौदा’ माझ्या मते वेगळा शब्द आहे. दोघांचा एकच उच्चार असल्यामुळे कवींना खेळायला सापडला, इतकेच. जे कोशकार एकाच नोंदीत दोन्ही कोंबतात त्यांनी वाचकाचे नुकसान केले आहे.

दुसरा वाद पोर्तुगीज ‘सावदाद’चा, म्हणजे हुरहुरीचा. गोव्यातली जाणती माणसेही मला सांगतात, सावदाद आणि सेवदाह एकच. नाही! सावदाद लॅटिन ‘सोलितास’वरून आला, म्हणजे एकटेपण. अर्थ आणि आवाज जुळले की नाते जुळले, असे मानणाऱ्यांनी व्युत्पत्तीच्या नादी लागू नये.

मला हरखून टाकते ते पुढचे. जुन्या यूनानी वैद्यकात काळे पित्त तयार होते यकृतात. आणि आपण प्रेम कुठे ठेवतो? काळजात! ‘काळीज’ म्हणजे मुळात यकृतच, संस्कृत ‘कालेय’. अमरकोशात यकृताला ‘कालखण्ड’ म्हटले आहे. दोन्हींत ‘काल’, म्हणजे काळा. तुर्कांनी काळ्या पित्ताला प्रेम म्हटले, आपण काळ्या अवयवाला. बोस्नियनमध्ये यकृताला ‘जिगेरित्सा’ म्हणतात. तो आपला ‘जिगर’, आणि फारसी ‘जिगर’ व संस्कृत ‘यकृत्’ भाऊभाऊ. म्हणून मी सेवदालिंकेला ‘काळीजगाणे’ म्हणतो. हा शब्द कोणी वापरत नाही, पण वापरावा.

हिम्झो पोलोविना (1927–1986) हा बोस्नियातल्या मोस्तार शहराचा थोर सेवदालिंका-गायक व्यवसायाने मनोविकारतज्ज्ञ होता. काळ्या पित्ताची चिकित्सा आणि त्याचेच गाणे, दोन्ही एका माणसाच्या गळ्यात आणि हातात! 1992–95 च्या बोस्नियातल्या युद्धानंतर मोस्तारच्याच वादकांनी सर्बियातल्या निश शहरातल्या शाबान बाय्रामोविच या रोमा (जिप्सी) गायकाबरोबर ध्वनिमुद्रण केले. ज्या मोस्तारचा पूल 1993 मध्ये तोफांनी पाडला, तिथल्या लोकांनी सीमेपलीकडच्या माणसाला गायला बसवले. अशा कामाबद्दल लिहिताना ‘शोकगीत’ हा शब्द अजिबात नको.

आणि सेवदालिंका स्त्रीलिंगी आहे. ‘सेवदालिंका हे’ नाही, ‘ही सेवदालिंका’.